साबणात टोमॅटो कशाला?

टोमॅटोची फोड तोंडावर चोळा, उन्हाने रापलेली कातडी उजळते. टोमॅटोचा गर घालून घरच्या घरी साबण करा, अंग तुकतुकीत होतं. हे दोन सल्ले आता ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत पोचलेत. मोबाइलवरून आले, पार्लरच्या शिकवणीतून आले, बचत गटाच्या बैठकीत ‘नवा धंदा’ म्हणूनही येऊन बसले.

पहिला सल्ला फुकट आहे. दुसरा अर्धवट आहे, आणि साबणाच्या कामात अर्धवट माहिती म्हणजे डोळ्याशी खेळ. घरचा साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. नेमकं हेच वाक्य त्या सल्ल्यात शेवटी येतं, नाहीतर येतच नाही.

टोमॅटोवर माझा राग नाही. राग आहे तो या दोन तालुक्यांतल्या बाईच्या हातात चुकीची वस्तू देण्यावर. साबणाचा खरा माल तिच्या दारात, तिच्या रानात आहे. तो सोडून तिला भाजीच्या टोपलीकडे वळवलं जातंय.

आधी टोमॅटोच बघू. शंभर ग्रॅम पिकल्या टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंच्याण्णव ग्रॅम नुसतं पाणी असतं. उरलेल्यात थोडी साखर, थोडा चोथा, सायट्रिक वगैरे आम्लं, थोडं क जीवनसत्त्व आणि लाल रंग देणारं लायकोपीन. लायकोपीन गुणाचं आहे, यात वाद नाही. पण त्याच्या गुणाचा चांगला पुरावा आहे तो पोटातून घेतल्याचा. जर्मनीतल्या विल्हेल्म स्टाल, हेल्मुट सीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर खायला दिली. दिवसाला साधारण १६ मिलिग्रॅम लायकोपीन पोटात गेलं. मग त्यांच्या त्वचेवर अतिनील किरण सोडून ती किती लाल होते ते मोजलं. चार आठवड्यांनी काही फरक दिसला नाही. दहा आठवड्यांनी पेस्ट खाणाऱ्यांची त्वचा न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी लाल झाली. प्रयोग मोजक्याच माणसांवरचा होता. त्यात कुणी गोरं झालं नाही, कुणाचे डाग गेले नाहीत. कातडी भाजण्याचं प्रमाण कमी झालं, तेही अडीच महिने नेमाने खाल्ल्यावर.

त्या प्रयोगात तेल होतं, हे विसरू नका. लायकोपीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. टोमॅटो शिजला की ते पेशींतून सुटतं आणि तेलाबरोबर आतड्यातून अंगात जातं. म्हणजे किन्हवलीच्या किंवा सरळगावच्या चुलीवर कांदा-लसणाच्या फोडणीत टोमॅटो परतून त्यात सुकट टाकणारी बाई त्वचेसाठी योग्य तेच करते. तांदळाच्या भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली की टोमॅटोचं त्वचेसाठीचं काम झालं. तोच टोमॅटो कच्चा, थंड, गालावर चोळून वीस मिनिटं वाळवला तर लायकोपीन गालावरच राहतं आणि तोंड धुताना मोरीत जातं.

चोळण्याने मग काय होतं? टोमॅटो आंबट आहे, त्याचा सामू साधारण सव्वाचार ते साडेचारच्या आसपास असतो. धडधाकट कातडीला त्याचं काही वाटत नाही. थोडा तेलकटपणा निघतो, गार वाटतं, वाळल्यावर कातडी ताणल्यासारखी होते. त्या ताणालाच लोक ‘असर’ म्हणतात. ज्याला इसब आहे, जिच्या गालावर पुरळ फुटलंय, जिच्या हातांना भेगा पडल्यात, तिला तोच रस झोंबतो आणि लाली आणतो. त्यात वरून साखर घालून खसाखसा घासायला सांगणारे तर चेहऱ्यावर ओरखडे काढायला सांगतायत. लिंबू पिळायला सांगणारे आणखी पुढचे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर कातडी भाजून काळे चट्टे उठतात, फोडही येतात, हे त्वचेच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा. उजळायला निघालेली मुलगी चट्टे घेऊन परत येते. आणि टोमॅटोवर तोड्याच्या आधीपर्यंत बुरशीनाशकांच्या, कीटकनाशकांच्या फवारण्या चालू असतात. बाजारातून आणलेला टोमॅटो न धुता तोंडावर फिरवायचा म्हणजे ती फवारणी तोंडाला लावायची.

टोमॅटो चोळण्याचा एक उपयोग मात्र खरा आहे, आणि तो शेतातल्या बाईला ठाऊक असतो. टोमॅटोच्या तोड्याला दिवसभर राबलं की पानाखोडावरच्या बारीक लवेतून येणारा चीक हाताला बसतो. बोटं आधी हिरवट-पिवळी आणि मग काळी होतात. साध्या पाण्याने तो चीक जात नाही, साबणानेही लवकर सुटत नाही. एखादा फुटका टोमॅटो हातावर कुस्करला की त्याच्या आंबटपणाने तो निघतो. ही बाई टोमॅटोने हात काळे करते आणि टोमॅटोनेच धुते. तिला कुणी ‘डी-टॅन पॅक’ शिकवायला जाऊ नये.

तरी तिलाच शिकवलं जातं, कारण विकायचा असतो तो टोमॅटोच्या नावाखाली गोरेपणा. रापलेपणा म्हणजे खोट आहे, असं आधी तिच्या मनात भरवायचं आणि मग तो घालवायचं औषध पुढे करायचं. मुरबाडच्या बाईचं तोंड का रापतं? ती आषाढात वाफ्यात वाकून आवणी करते, कार्तिकात कापणी करते, माघात भेंडीच्या शेतात पहाटेपासून तोड्याला उभी असते. तिची कातकरी शेजारीण दिवाळीनंतर कुटुंबासह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. उन्हात राबणाऱ्या कातडीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेला बंदोबस्त म्हणजे तो रंग. तो घालवायचा नसतो. कातडी भाजू नये एवढंच बघायचं असतं, आणि त्याचा उपाय या बायांनीच शोधलेला आहे. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि कानांवरून फडकं. या पोशाखाची बरोबरी कुठलाही टोमॅटो करणार नाही.

‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. डबीवरचा शब्द गेला, गिऱ्हाइकाच्या मनातला गेला नाही. मनातल्या त्या शब्दावर मग गल्लीबोळातली मलमं जगतात. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कारण निघालं चेहऱ्याला लावायचं मलम. स्थानिक पार्लरमधून आलेल्या त्या मलमात पारा होता. कातडीतून तो रक्तात गेला होता. मी ही बातमी टोमॅटोच्या लेखात घालतो, कारण ‘घरगुती’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द अशा मलमांवरही असतात. ते शब्द कुणीही छापू शकतो. डबीवर घटकांची यादी, करणाऱ्याचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक नसेल तर ती डबी शहापूरच्या बाजारातली असो की म्हशाच्या जत्रेतली, घेऊ नका.

आता साबण. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून झालेला क्षार. तेल संपतं, सोडाही संपतो, आणि उरतो साबण व ग्लिसरीन. साबण कडक होणार की मऊ, फेस किती देणार, कातडी कोरडी करणार की नाही, हे सगळं तेल ठरवतं. सरकारी मानकही तेच सांगतं. भारतीय मानक ब्यूरोने अंगाच्या साबणाच्या प्रती लावल्या त्या स्निग्धांशावर. पाकिटावर टीएफएम म्हणून जो आकडा असतो तो हाच. पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के लागतो. टोमॅटो, हळद, चंदन, गुलाब यांच्यासाठी त्या प्रतवारीत एकही रकाना नाही.

मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये ‘चावी’ छापाचा साबण बाजारात आणला, तेव्हा त्यांनी पुढे केलेली गोष्ट होती तेल. प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलापासून केलेला साबण, एवढ्या एका गोष्टीवर तो स्वदेशीच्या काळात उभा राहिला. रंग आणि वास नंतर आले.

टोमॅटोचा गर सोड्याच्या पाण्यात पडला की त्याचं काय होतं? ताज्या साबणाच्या घोळाचा सामू बाराच्या वर असतो. त्यात क जीवनसत्त्व टिकत नाही. टोमॅटोतली आम्लं सोडा लगेच निकामी करतो, तेवढा सोडा फुकट जातो. लायकोपीन काही उरतं, पण त्याचा लाल रंग नारिंगी, मग फिकट तपकिरी होत जातो. साखर घोळ तापवते आणि फेस थोडा वाढवते. टोमॅटोचा साबणातला हिशेब इथे संपला: थोडा रंग आणि थोडा फेस. तयार साबण अंगावर फारतर एक मिनिट राहतो आणि पाण्याबरोबर जातो. त्या मिनिटात उरलंसुरलं लायकोपीन कातडीत शिरून काही करेल, यावर माझा विश्वास नाही. रंग आवडतो म्हणून टोमॅटो घालणाऱ्याशी माझं भांडण नाही. गुण आहे म्हणून सांगून दहा रुपये जास्त घेणाऱ्याशी आहे.

आणखी एक गोड समज खोडायला हवा. टोमॅटोचे भाव पडले की ‘शेतकऱ्याचा माल वाया जातो, त्याचा साबण करा’ असं सुचवणारे पुढे येतात. भाव पडतात हे खरंच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा तेच झालं, जुलैत शहरात तोच टोमॅटो दीडशेच्या वर गेला, आणि सप्टेंबरमध्ये परत कोसळला. जुन्नरच्या पट्ट्यातला माल माळशेज घाट उतरून मुरबाडवरूनच कल्याणच्या बाजार समितीत जातो. मुरबाडकरांनी भावाचं हे वरखाली डोळ्यांसमोरून जाताना पाहिलंय. पण साबणाने तो टोमॅटो वाचेल का? गणित करून बघा. एक किलो तेलाच्या साबणात शंभर ग्रॅम गर धरू. गर फार वाढला की साबण नरम पडतो आणि खवट व्हायची भीती वाढते. वीस किलोचं एक कॅरेट संपवायला दोनशे किलो तेल लागेल. त्यातून शंभर ग्रॅमच्या सुमारे सव्वीसशे वड्या निघतील. एका कॅरेटला सव्वीसशे वड्या! पिकअप गाडीत शंभर कॅरेट असतात. जगातल्या कुठल्या बचत गटाने एवढ्या वड्या विकाव्यात?

भाव पडलेल्या टोमॅटोवर उपाय वाळवणं हा आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने गावातल्या बायांना सौर वाळवणी यंत्रं देऊन कांदा, टोमॅटो, आलं वाळवायला लावलं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी ती उभी केली आणि २०२३ मध्ये तिला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तिथे माल खाण्याच्या बाजारात जातो, टनांनी जातो, आणि बाईला रोजचं उत्पन्न मिळतं. टोमॅटो हे खाण्याचं पीक आहे, त्याला खाण्याच्या बाजारातच जागा मिळवून द्यायला हवी.

‘घरगुती साबणा’च्या नावाने चालणाऱ्या एका-एका दिवसाच्या शिकवण्यांत बहुतेकदा साबण शिकवलाच जात नाही. कारखान्यात तयार झालेला ‘सोप बेस’ शहरातून विकत आणायचा, वितळवायचा, त्यात रंग, वास आणि टोमॅटोचा गर टाकायचा, साच्यात ओतायचा. बाईच्या वाट्याला ओतण्याचं काम आणि गुंडाळण्याचं काम. नफा बेस विकणाऱ्याचा आणि साचे विकणाऱ्याचा. वितळवलेल्या बेसमध्ये ताजा गर घातला की तो तसाच कच्चा राहतो, टिकवणारं काही नसल्याने थोड्या दिवसांत त्यावर बुरशी येते. शिवाय ग्लिसरीनचा बेस हवेतली ओल ओढतो. दोन-अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात, जुलै-ऑगस्टमध्ये, ती वडी घामेजते, कागदाला चिकटते, आणि गिऱ्हाईक परत आणून देतं. ज्या बाईने गटाचं कर्ज काढून बेस आणला, तिने मग काय करायचं? शिकवणारे तोवर पुढच्या गावात असतात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. डोळखांबच्या बाजूला जा, टोकावड्याच्या बाजूला जा, मोह आहे. आदिवासी घरात मोहाची फुलं चैतात वेचली जातात, आणि उन्हाळा संपता संपता फळं, म्हणजे मोहट्या, येतात. मोहट्यांची भाजी होते, आतल्या बीचं तेल निघतं. गरात तेल भरपूर, वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. थंडीत ते तुपासारखं थिजतं. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी घरांतून ते स्वयंपाकाला वापरलं गेलं, दिव्याला वापरलं गेलं, थंडीत टाचांना पडलेल्या भेगांना लावलं गेलं. साबणाला असं तेल उत्तम, कारण त्याने वडी घट्ट होते आणि कातडी कोरडी पडत नाही. फेस मात्र कमी येतो, त्यासाठी खोबरेल मिसळायचं. करंजही इथलाच. करंजाच्या तेलाला उग्र वास आणि गडद रंग असतो, म्हणून ते थोडंच घालावं. दुकानातल्या साबणाला ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतो ती गोष्ट, म्हणजे चांगलं तेल, इथल्या रानात झाडाखाली पडते.

ज्यांना करायचाच आहे त्यांच्यासाठी हिशेब देतो. अर्धा किलो खोबरेल, अर्धा किलो मोहाचं तेल, दीडशे ग्रॅम कॉस्टिक सोडा, तीनशे ग्रॅम पाणी. खोबरेलाला वजनाच्या साधारण १८ टक्के सोडा लागतो, मोहाच्या तेलाला साडेतेरा-चौदा टक्के. दोन्ही मिळून एकशे साठच्या आसपास होतो, आणि आपण मुद्दाम थोडा कमी घालतो, म्हणजे सगळा सोडा खपतो आणि थोडं तेल साबणात मोकळं राहतं. सगळं वजनावर. वाटीचं, चमच्याचं माप इथे चालत नाही, ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर साबण करू नका. तेल बदललं की सोड्याचं वजन बदलतं, ते पुन्हा काढायचं. वडी साच्यातून काढल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळवायची. टोमॅटो घालायचाच असेल तर पाण्यातलं पन्नास ग्रॅम कमी करून तेवढा गाळलेला गर घाला. रंग येईल.

आणि सोडा हाताळताना. सोडा पाण्यात टाकायचा, थोडा थोडा, ढवळत. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचं. आपल्याकडे जर्मनची पातेली घरोघर असतात, ती इथे अजिबात नकोत. अॅल्युमिनियम आणि कॉस्टिक भिडले की भांडं खाल्लं जातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, दारंखिडक्या उघड्या, आणि लहान मूल त्या खोलीत नको. सोड्याचं पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच दिसतं, म्हणून ते पेल्यात किंवा बाटलीत कधी ठेवायचं नाही. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं.

पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी. हे मी लिहिलं खरं, पण एप्रिलमध्ये शहापूरच्या कुठल्या पाड्यावर ते मिळणार? तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. भातसा एकटं मुंबईचं जवळपास निम्मं पाणी भागवतं. बारवी धरणासाठी मुरबाडच्या गावांनी जमिनी आणि घरं दिली, पाणी गेलं कारखान्यांना आणि शहरांना. आणि उन्हाळा लागला की त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. ज्या बाईला तीन हंड्यांत स्वयंपाक, पिणं, जनावर आणि पोरांच्या अंघोळी बसवायच्या आहेत, तिच्यापुढे त्वचेची काळजी म्हणून टोमॅटोचा लेप ठेवायला आपल्याला लाज वाटली पाहिजे.

इथले त्वचेचे आजार पाण्याच्या या वाटणीतून येतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की साबण नीट धुतला जात नाही. साबणाचा सामू नऊ-दहा, कातडीचा पाचच्या आसपास. अंगावर राहिलेला साबण खाज आणतो. एका अंथरुणावर चार पोरं झोपली आणि कपडे-पांघरुणं धुवायला पाणी नसलं की खरूज घरभर फिरते, आश्रमशाळेच्या खोलीभर फिरते. खरजेला टोमॅटो नाही, कडुनिंबाचा साबणही नाही. पाच टक्क्यांचं पर्मेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मागायचं, आणि संपलंय असं सांगितलं तर ग्रामसभेत विचारायचं. आवणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्याला पाय धुऊन, बोटांमधली जागा कोरडी करून मलम लावणं हाच मार्ग. चिखल्यांवर आंबट काही लावू नका, ओली जखम आणखी सोलवटते.

मग साबणाचा धंदा करूच नये का? करावा, पण मोहाच्या नावाने आणि मोहाच्या तेलाचा. विकायचा असेल तर अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. वडीच्या वेष्टनावर ‘खरूज बरी होते’ असं छापलं की तो औषधाचा दावा झाला, आणि त्याला वेगळा कायदा लागतो. एकट्या बचत गटाला हे झेपणारं नाही. परवाना, तपासणी, वजनकाटे, वाळवणीची खोली, हे सगळं दहा-वीस गटांनी मिळून एकदाच उभं करायचं काम आहे.

ते होऊ शकतं, याचं उदाहरण शहापुरातच आहे. तिथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने कातकरी तरुणांच्या पुढाकाराने गुळवेल गोळा करून, वाळवून, भुकटी करून मोठ्या औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली. वनधन योजनेतून तिला बळ मिळालं. गुळवेल इथे कुंपणावर वाढत होतीच, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. एकजुटीने माल गोळा झाला, वाळवायची सोय झाली, आणि माल घेणारा आधी ठरला. साबणवाल्या शिकवण्यांत या तिन्हींतलं एकही नसतं.

म्हणून ठाणे जिल्हा परिषदेकडे आणि ‘उमेद’ अभियानाकडे माझं मागणं आहे. टोमॅटो साबणाची एक दिवसाची शिबिरं बंद करा. त्या पैशात डोळखांब आणि टोकावडे इथे बियांचं तेल काढणारा एकेक घाणा बसवा. सोड्याचं वजन काढायला शिकवणारी माणसं मुंबईत माटुंग्याला असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून मागवा, ती इथून दोन-तीन तासांवर आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी रानात राहणाऱ्या समाजाची आहे, तेव्हा मोहाच्या बियांचा दर ग्रामसभेला ठरवू द्या, व्यापाऱ्याला नको. आज तीच बी मिठा-सुकटीच्या बदल्यात दारातून उचलली जाते. मोहट्या पावसाच्या तोंडावर पडतात. घाणा त्याआधी, मे महिन्यात चालू झाला पाहिजे.